टपवाल्याची फोमची गाडी

त्याला सगळी गल्ली टपवाला म्हणायची. जीपचे कॅनव्हासचे टप, ट्रकच्या ताडपत्र्या, टेम्पोच्या मागचे पडदे, जे जे म्हणून जाड सुईनं शिवायचं ते त्याच्याकडे यायचं. माणूस कामाला सोन्यासारखा आणि वेळेच्या बाबतीत अगदी भिकार. सोमवारी देतो म्हटलेला टप नेमका कुठल्या सोमवारी मिळेल, हे त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. शिवण जराशी वाकडी दिसली की हा पठ्ठ्या ब्लेड घेऊन अख्खी ओळ उसवायला बसायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहून काकुळतीला यायचं, "अहो, चालेल तेवढं, कोण बघतंय?" हा मान वर न करता म्हणायचा, "मी बघतोय ना." गिऱ्हाइकं शिव्या देत जायची आणि पुढच्या वेळी मुकाट्यानं त्याच्याकडेच यायची. त्याचा टप कधी गळायचा नाही.

दुकान खाली, घर वर. वरच्या खोलीत खिडकीला लागून बायकोची खाट होती. तिच्या मणक्यांत रोग शिरला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. बसवलं की ती कळवळायची, आडवी असली की जरा बरी असायची. डोकं मात्र शाबूत होतं आणि जीभ पहिल्यापेक्षा तेज झाली होती. "माझ्यावर घालायची चादर आत्तापासून शिवायला घ्या, म्हणजे वेळेत होईल," ती म्हणायची. टपवाला हसायचा. खाली जिन्यात आल्यावर मात्र त्याला कठडा धरून उभं राहावं लागायचं.

तिला एक मोठी बहीण होती, ताई. आई लवकर गेल्यामुळे ताईनंच तिला वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, तिला ताप आला की उशाशी बसून रात्री काढल्या. आता ताई दोन दिवसांच्या रस्त्यावर मुलाच्या घरी होती आणि खुब्याचं हाड मोडून तीही अंथरुणालाच खिळली होती. ऐकायला कमी आलेलं. दोघी आपापल्या खाटेवर पडून फोनवर ओरडून बोलायच्या आणि खाली मशीन चालू असतानाही टपवाल्याला शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"तू ये गं," ताई ओरडायची, "मी थांबलेय तुझ्यासाठी."

एकदा फोन ठेवल्यावर बायकोनं त्याला वर बोलावलं. "मला ताईकडं न्या," ती म्हणाली. "एकदाच. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि नेणार कशी? बसता येतं का तुला?"

"ते तुम्ही बघा. आजवर कधी काही मागितलंय?"

मागितलं नव्हतं, हे खरं होतं. ॲम्ब्युलन्सचा विषय त्यानं काढला तर तिनं तो जागीच मोडून काढला. ॲम्ब्युलन्समधून उतरले तर ताई मला बघायच्या आधीच गळा काढेल, म्हणाली. त्याच्याकडे एक जुनी छोटी मोटार होती. मागची सीट काढूनसुद्धा तिच्यात एक माणूस आडवा मावत नव्हता. मागं एखादी झोपायची गाडी जोडावी, तर लोखंडाची किंवा प्लायवूडची ती मोटारीला ओढवली नसती. बिचारी रिकामी असतानाही चढावर धापा टाकायची.

मग एका पाडायला काढलेल्या शीतगृहावर तो ताडपत्रीचं माप घ्यायला गेला. तिथं एक मजूर भिंतीतून काढलेला, थर्मोकोलसारख्या कडक फोमचा दाराएवढा ताव दोन बोटांवर तोलत बाहेर येताना दिसला. टपवाला माप विसरला. ते ताव तो मोटारीच्या टपावर बांधून, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एक हात खिडकीबाहेर काढून धरत घरी घेऊन आला.

हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होता. खाली पातळ नळ्यांची चौकट आणि दोन चाकं, तेवढं समोरचा वेल्डर करणार. वर फोमच्या भिंती, फोमचंच छत आणि त्या सगळ्यावर बाहेरून कॅनव्हास चिकटवायचा. कॅनव्हास वाळला की ढोलाच्या कातड्यासारखा ताणून बसतो. त्यावर भिंतीला देतात तो रंग चढवला की पाणी आत यायची बिशाद नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं माती खाल्ली. सगळं आयुष्य पिवळ्या सोल्युशननं कापड चिकटवण्यात गेलेलं, हात आपोआप त्याच डब्याकडे गेला. ब्रशनं सोल्युशन फासलं आणि फोम डोळ्यांदेखत विरघळून खाली बसायला लागला. एवढं मोठं भोक पडलं की पलीकडून वेल्डरचं तोंड दिसलं.

"अरे, साखरेचं घर बांधतोयस का?" वेल्डर म्हणाला.

वरच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी ती इतकं हसली होती आणि हसताना पाठीत कळ येऊन ओरडलीही होती. टपवाल्याला एक ताव वाया गेल्याचं काहीच वाटलं नाही.

मग त्यानं सुताराचा पांढरा गोंद आणला, पाण्यात कालवून पातळ केला, आधी तुकड्यावर लावून बघितला. फोमनं काही तक्रार केली नाही. अंगणात भिंती उभ्या राहिल्या, त्यावर पाठीला बाक दिलेलं छत आलं. खिडकीला त्यानं जीपच्या टपाला लावतात तसं जाड पारदर्शक प्लॅस्टिक शिवलं, वर गुंडाळता येणाऱ्या झडपेसकट. आत एक सपाट गादी, दोन्ही बाजूंना उशांचे बांध, वळणावर ती घरंगळू नये म्हणून. बायको खाटेवरून हुकूम सोडायची.

"दार डावीकडं करा."

"का? उजवीकडं सोपं पडेल."

"मला उतरवायचंच नाही. गाडी ढकलत ताईच्या दारापर्यंत न्यायची आणि तिची खाट दाराला लावायची. मी उजव्या कुशीवर झोपत नाही, दुखतं. दार डावीकडं असलं तरच ताई दिसेल."

त्यानं दार डावीकडं केलं. वेल्डरनं विचारलं, वाटेत पोलिसानं अडवून आत काय आहे विचारलं तर काय सांगशील? "सांगीन, गादी पोचवायला चाललोय," टपवाला म्हणाला. ते दिवस, म्हणायचं तर, चांगले गेले. गाडी इतकी हलकी झाली की तो आणि वेल्डर मिळून तिचा सांगाडा सहज उचलायचे. ताईच्या घरी तयारी सुरू झाली होती. भाचा खाट सरकवून दाराजवळ आणणार होता.

निघायच्या आदल्या दिवशी टपवाल्यानं गाडीवरून हात फिरवला आणि डाव्या अंगाला, दाराच्या मागं, त्याच्या तळव्याला एक सुरकुती लागली. वीतभर लांब, केसाएवढी उंच. रंगाखाली दबलेली. उन्हात तिरकं बघितलं तरच दिसेल अशी. तो बराच वेळ तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. मग ब्लेड घेऊन आला.

फोमवर चिकटलेला कॅनव्हास म्हणजे काही शिवण नव्हे. तो ओढला की फोमचे लचके घेऊन निघतो. संध्याकाळपर्यंत डावी बाजू उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली.

"हे काय केलंत?" बायकोनं वरून विचारलं.

"सुरकुती होती. पाणी शिरलं असतं."

"कुठनं शिरलं असतं? एक सुरकुती!"

"तुला नाही कळायचं. आठ दिवस फक्त."

खरं सांगायचं तर तिथून पाणी शिरलं नसतं, आणि हे टपवाल्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्याच्या मनात दुसरंच काही घर करून बसलं होतं. त्याची आई गेली तेव्हाची गोष्ट. डॉक्टर आज-उद्या म्हणत असताना म्हातारी धाकट्या मुलाची वाट बघत तग धरून राहिली. पाणी घ्यायची, डोळे उघडायची, दाराकडं बघायची. शेवटी धाकटा आला, तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि त्याच दुपारी गेली. टपवाल्यानं तेव्हापासून मनाशी गाठ मारली होती की भेट राहिलेली असते तोवर माणूस जात नाही. बायको ताईसाठी थांबली होती. एकदा ताई भेटली की मग ती कशासाठी थांबणार? त्याच्यासाठी? त्याच्याकडे ती रोजच बघत होती.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा सरळ शब्दांत नाही. तो आपला काम करत राहिला, आणि काम तर समोर होतंच. लचके भरले, घासले, नवा कॅनव्हास चढवला. मग डाव्या अंगाचा रंग उजव्याशी जुळेना, म्हणून सगळी गाडी पुन्हा रंगवली. मग दार घासायला लागलं. मग चाकावरचं आच्छादन त्याला मनासारखं वाटेना. प्रत्येक खेपेला आठ दिवस फक्त.

"निघालात का?" ताई फोनवर ओरडायची.

"एक बाजू पुन्हा करतायत."

"बाजू बघायला कोण मेलं बसलंय इथं! चिंध्या लावून ये म्हणावं!"

खाली टपवाल्याच्या कानावर हे पडायचं आणि तो मशीनचा पाय जोरात दाबायचा.

एकदा ताईचा आवाजच आला नाही. भाचाच बोलला. आई हल्ली फार झोपते, म्हणाला. त्या दिवशी बायकोनं टपवाल्याचा हात धरला. तिची बोटं नुसती काड्या झाली होती. "चुरगळलेलीच चालेल हो," ती म्हणाली. "भोक असलं तरी चालेल. आता चला." त्यानं मान हलवली, खाली गेला आणि छताची एक कड खरवडायला लागला.

शेवटी वेल्डरच भडकला. तो रस्ता ओलांडून आला, टपवाल्याच्या हातातला ब्रश काढून नालीत फेकला आणि म्हणाला, "तुला न्यायचंय का नाही ते एकदा ठरव. नसेल न्यायचं तर उद्या मी माझ्या टेम्पोला जोडून वहिनींना घेऊन जातो. तू बस इथं रंग चाटत."

टपवाला मटकन पायरीवर बसला. एवढा दांडगा माणूस, पण लहान पोरासारखा रडला. वेल्डर गोंधळून गेला, त्याला वाटलं आपण फार बोललो. पण रडून झाल्यावर टपवाल्यानं तोंड धुतलं, मोटारीच्या चाकांत हवा भरली, गाडीचा आकडा मोटारीला अडकवून दोनदा हिसका देऊन बघितला आणि गादीवर धुतलेली चादर अंथरली. जायचं म्हणजे जायचं. मग ती भेटली आणि गेली तर गेली. ज्याची त्याची भेट ज्याला त्याला मिळाली पाहिजे, एवढं त्यानं ठरवलं आणि जिना चढला.

बायको खिडकीकडं तोंड करून पडली होती. फोन तिच्या छातीवर होता.

"उद्या निघायचं," तो म्हणाला. "पहाटेच. सगळं तयार आहे."

"सुरकुती गेली?"

"गेली."

"आता कुठंच नाही ना?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "ताई गेली. आत्ता भाच्याचा फोन होता."

टपवाला खाटेच्या कडेला टेकला. मग तो घाईघाईनं म्हणाला, "आपण आत्ताच निघू. निदान शेवटचं तोंड तरी..."

"दोन दिवस ठेवतील का ते? माझ्यासाठी?" तिनं मान त्याच्याकडं वळवली. डोळे कोरडे होते. "आईंचंच डोक्यात होतं ना तुमच्या? धाकटे भावजी आले आणि त्या गेल्या, ते?"

हे त्यानं कधीच तोंडातून काढलं नव्हतं.

"इतकी वर्षं संसार केलाय तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "शिवणीसाठी उसवताय की भीतीपोटी उसवताय, एवढं कळतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, दमाल. भीती काय, कधीतरी दमेल." ती थांबली, तिला श्वास घ्यावा लागला. "तुम्हाला मला ठेवून घ्यायचं होतं. घेतलंत ठेवून. ताई माझी वाट बघत होती हो. ती शेवटपर्यंत दाराकडं तोंड करून होती, भाचा सांगत होता."

त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं पाय ओढून घेतले नाहीत, ओढून घ्यायची ताकदच नव्हती.

त्यानंतर ती जगली. डॉक्टर दर खेपेला नवल करायचे, कशावर तग धरून आहेत कळत नाही म्हणायचे. भरवलं ते ती खायची, दिलं ते औषध घ्यायची, विचारलं तेवढ्याला हो-नाही म्हणायची. चेष्टा करणं तिनं सोडून दिलं होतं. काही मागणंही सोडून दिलं होतं. टपवाला दिवसभर तिच्या उशाशी बसायचा. खाली टपांचा ढीग साचला आणि गिऱ्हाइकं खरोखरच दुसरीकडं जायला लागली.

असं बरेच दिवस गेल्यावर एकदा त्यानं भीतभीत विचारलं, जरा बाहेर नेऊ का? तळ्यापर्यंत? "न्यायचं असेल तर न्या," ती म्हणाली. त्यानं आणि वेल्डरनं तिला गादीसकट उचलून खाली आणलं आणि गाडीत ठेवलं. तो इतकी सावकाश मोटार चालवत होता की सायकलवाले पुढं जात होते. तळ्याच्या काठी त्यानं गाडी अशी लावली की दारासमोर नुसतं पाणी असावं. दार उघडलं, झडप वर गुंडाळली, तिच्या डोक्याखालची उशी नीट केली. उन्हात पाणी झळझळत होतं. तो दाराशी खाली बसला.

"दिसतंय ना?" त्यानं विचारलं.

"दिसलं," ती म्हणाली. "चला घरी."

त्यानं वळून बघितलं. तिनं डोळे उघडलेच नव्हते.