अस्तरअक्काची चुणी

दुकानाच्या पाटीवर मास्तरचं नाव, कात्री मास्तरच्या हातात, आरशासमोर गिऱ्हाइकाच्या खांद्यावरची सुरकुती झटकणार तोही मास्तरच. आणि आत खिडकीपाशी, पायमशीनवर, त्याची थोरली बहीण. तिला सगळे अस्तरअक्का म्हणत, कारण सव्वीस वर्षं तिनं कोटाची आतली बाजू सोडून दुसरं काही शिवलंच नव्हतं. पण बाई काही साधी नव्हती हो. एखादा वकील फार टेचात बोलला की त्याच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशाला ती खुशाल पोपटी कापड लावायची आणि वर विचारायची, "कोण बघतंय?"

लिनन आणि लायनिंग एकच समजणारं गिऱ्हाईक आलं की अक्का मशीन थांबवायची. "अहो, लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. लायनिंग म्हणजे अस्तर, मग ते कशाचं का असेना. पूर्वी कोटाला आतून लिननच लावायचे, म्हणून आतल्या बाजूला लायनिंग नाव पडलं. सख्खी भावंडं आहेत ती. एक बाहेर मिरवतंय, दुसरं आत घाम पुसतंय." शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं, मास्तरला ऐकू जावं म्हणून. मास्तर खडूनं रेघा मारत राहायचा.

एक दिवस तो म्हणाला, "अक्का, पुढच्या महिन्यापासून अस्तरं कारखान्यातून शिवून येतील. तू आता आराम कर."

अक्काचं मशीन थांबलं. आराम करायचा म्हणजे काय, घरी बसून भिंतींशी बोलायचं? त्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवण्यात तिचा जीव होता. पण रडून दाखवील ती अक्का कसली. "बरं," म्हणाली.

कारखान्याचं पहिलं अस्तर मास्तरनं स्वतःच्याच नव्या लिननच्या कोटाला लावून घेतलं, कारण शिंप्यांच्या मेळाव्यात त्याचा सत्कार होता. अक्कानं कोट हळूच उलटा करून पाहिला. अस्तर वरच्या कापडाच्या मापात अगदी काटेकोर. हात वर केला की उलगडावी म्हणून ती पाठीच्या मधोमध बोटभर चुणी ठेवायची, तिचा पत्ताच नव्हता. बाहेरचं मास्तरनं बघायचं, आतलं अक्कानं, अशी दुकानाची वाटणी. त्यामुळे त्या चुणीची मास्तरला खबरच नव्हती. तो कोट चढवून आला. "कसा दिसतोय?"

"राजबिंडा," अक्का म्हणाली.

मेळाव्यात मास्तर माइकसमोर उभा राहिला आणि लिनन-लायनिंगचं अक्काचं अख्खं पुराण त्यानं आपलंच म्हणून ठोकून दिलं, सख्ख्या भावंडांसकट. पहिल्या रांगेत अक्का दातओठ खात बसली. टाळ्या कडाडल्या, मास्तरनं खुशीत दोन्ही हात उंच केले, आणि माइकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू आलं, फर्र. काय फाटलं हे दोनशे शिंप्यांना वेगळं सांगावं लागतं का? सगळे खदखदून हसले. मास्तर दोरीवर वाळत घातल्यासारखा हात पसरून उभा. अक्कानंही तोंडाला रुमाल लावला. पण त्याचं उतरलेलं तोंड दिसलं तसं तिचं हसू गेलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

मंचामागच्या खोलीत ती सुई-दोरा घेऊन पोचली. मास्तरनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कसा दिसतोय, एवढंच विचारलंस तू. आत काय असतं, हे सव्वीस वर्षांत एकदा तरी विचारलंस?" एवढं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं.

बाहेर सत्कारासाठी त्याच्या नावाचा पुकारा झाला. मास्तर हलला नाही. त्यानं कोट काढून तिच्या मांडीवर ठेवला, खुर्ची ओढून शेजारी बसला आणि चष्मा लावला.

"थांबू देत त्यांना," तो म्हणाला. "तू आत काय करतेस ते आधी दाखव."