सगळ्यांना विचारणारे संपतमास्तर

संपतमास्तर रस्त्याने उलटे चालत. वरात निघाली की सगळी माणसं पुढे बघून चालायची आणि मास्तर एकटे मागे तोंड करून, आपल्या बँडच्या माणसांकडे बघत, एकेक पाऊल मागे टाकत जायचे. नेरच्या बाजारातला रस्ता काही सरळ नव्हता. खड्डे होते, बसलेली ढोरं होती, कापसाच्या गाड्या होत्या. तरी मास्तर मान वळवत नसत. पहिल्या रांगेतला नामदेव ताशा वाजवता वाजवताच ओरडायचा, "मास्तर, नाली." मास्तर डावीकडे सरकायचे. "मास्तर, बैल." मास्तर थांबायचे आणि बँड जागच्या जागी वाजत राहायचा.

मी बँडमध्ये नव्हतो, त्याच वस्तीतला, तेव्हा नुकता मॅट्रिक झालो होतो. पत्रकांशिवाय दुसरं काही वाचत नव्हतो, आणि पत्रकांशिवाय दुसरं काही लिहीतही नव्हतो. मी त्यांना एकदा म्हटलं, "मास्तर, जो पुढारी हाय त्यानं पुढं पाहावं."

"पुढचं त्यायले दिसतेच ना गा," मास्तर म्हणाले. "मले थे दिसले पाह्यजेत. कोणाचा दम सुटला, कोणाचा जोडा चावून राह्यला, थे मले पुढं पाहून कसं समजीन?"

मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. पुढाऱ्याने हात वर करावा, घोषणा द्यावी आणि लोकांनी मागे यावं, अशी माझी समजूत होती.

मास्तर जन्मापासून असे नव्हते. एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडे ते आधी मोठा ढोल वाजवत. तो थकला तेव्हा त्याची पिचकलेली वाद्यं, मळके लाल कोट आणि फाटकी निशाणं मास्तरांनी घेतली आणि एका दिवसात ते मालक झाले. पहिल्या एकदोन वर्षांत त्यांचा आवाज बँडच्याही वर चढायचा, असं वस्तीतले लोक सांगतात. हातात वेताची छडी असे. कोणी चुकलं की ती चालायची.

ती छडी सुटली तुळशीरामकाकांमुळे. तुळशीरामकाका झांज वाजवत. नामदेव त्यांचा मुलगा. एका मोठ्या घरच्या वरातीत काकांचा ताल हुकला आणि मास्तरांनी भर रस्त्यात त्यांच्या मनगटावर छडी मारली. काकांनी झांज रस्त्यावर ठेवली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. वरात अडली. नवरदेवाचा मामा शिव्या द्यायला लागला. शेवटी मास्तरांनी खाली वाकून ती झांज उचलली आणि मांडवापर्यंत स्वतः वाजवत नेली.

दुसऱ्या दिवशी ते काकांच्या घरी गेले. काका म्हणाले, "मी चुकलो थे खरं हाय मास्तर. पण तुमी पाव्हण्यायपुढं मारलं."

एवढंच. त्यानंतर मास्तरांनी कोणाची चूक चारचौघांत काढली नाही. परतीच्या वाटेवर ज्याचं चुकलं त्याच्या बाजूला येऊन चालायचे, सुरुवातीला ज्वारीचं नाहीतर मुलाबाळांचं बोलायचे, आणि मग हळूच विषय काढायचे. बँडमध्ये थट्टा होऊन बसली होती. मास्तर कोणाच्या शेजारी आले की मागून कोणीतरी म्हणायचं, "घ्या, आला तुमचा नंबर." मास्तरही हसायचे. म्हणायचे, "मालकी म्या एका दिवसात घेतली. मालकाचं काम काय असते थे अजून शिकून राह्यलो."

मग छप्पन साल आलं. वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. मास्तर गेले, तुळशीरामकाका गेले, मीही गेलो. घरातले देव नदीत गेले. पण बँडचं काय, हा प्रश्न राहिलाच. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत बँडला जे काम मिळे ते देवांच्या मिरवणुकांचंच. आम्हा तरुणांना हा प्रश्न प्रश्नच वाटत नव्हता. मी रात्रंदिवस पेटलेला असे. मी एक पत्रक लिहिलं आणि वस्तीच्या ओट्यावर चिकटवलं: देवापुढे वाजवणारे हात तोडून टाका.

मास्तर अक्षर लावून लावून वाचत. त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "चांगलं लिवलं. फक्त हात तोडल्यावर जयंतीले कोण वाजवीन, थेबी लिवून ठेव."

"मंग तुमी काय करून राह्यले?"

"इचारून राह्यलो."

खरोखर ते विचारत होते. सगळ्यांना एकत्र बसवून हात वर करायला लावलं असतं तर काम एका दुपारी झालं असतं. मी तेच म्हणत होतो. पण मास्तर एकेकाच्या दारात जात. कोणी जिनिंगमध्ये रुई भरत असेल तर सुट्टी होईपर्यंत फाटकाशी बसून राहत. मी चिडून कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळ्यायपुढं इचारलं का माणूस सगळ्यायचं बोलते. एकट्याले इचारलं का त्याचं सोताचं बोलते. उपाशी राहाची पाळी आली तर सगळ्यायचं बोललेलं कोणाच्या कामी येत नाही."

महिना गेला, दुसरा लागला. मला वाटे, क्रांती अशी दारोदार बसून होत नसते. शेवटी एकेक करून सगळ्यांनी नाही म्हटलं. देवापुढे वाजवायचं नाही. मास्तरांनी त्यानंतर पाटलांच्या माणसाने आणलेली पालखीची सुपारी परत केली. आमच्याकडे बँड ठरवताना नारळ आणि विडा देतात, तीच सुपारी. पाटील स्वतः ओट्यापाशी आले.

"काय रे संपत, आता आमचा देव तुले चालत नाही काय?"

"देवाले काय म्हणत नाही जी," मास्तर म्हणाले. "आमी वाजवाचं थांबवलं."

"मंग लग्नातबी नको येऊ."

"बरं जी."

त्या उन्हाळ्यात मोठ्या घरचं एकही लग्न बँडला मिळालं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. त्या लग्नांत बँडला सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याच्या बाजूला वाढत. पण तत्त्व पाळणं एका दिवसाचं नसतं, रोज सकाळी उठून पुन्हा पाळावं लागतं, हे पत्रकात कोणी लिहिलेलं नव्हतं. माणसं जिनिंगमध्ये गेली, सडकेच्या गिट्टीवर गेली. वस्तीतली लग्नं आणि जयंती एवढंच वाजवणं उरलं. तरी मास्तरांनी बँड मोडू दिला नाही. रोज पहाटे कामावर जायच्या आधी सगळ्यांनी जिनिंगमागच्या कोरड्या नाल्यात जमायचं, असा त्यांनी शिरस्ता घातला. वाळूत उभं राहून माणसं वाजवत, मग कोट घडी करून ठेवत आणि गिट्टी फोडायला जात. दिवसेंदिवस मास्तरांचे डोळे खोल जात होते. एकदा मला म्हणाले, "काम असलं का मालक कोणीबी होते गा. काम नसलं का माणसं धरून ठेवणं लई थकवते." आणि तिथेच वाळूत बसले.

असं दोन वर्षं चाललं. आणि एके दिवशी पुसदकडून येणाऱ्या बसच्या कंडक्टरने बातमी आणली. तो वस्तीतलाच. म्हणाला, ढाणकीला दसऱ्याच्या मिरवणुकीत एका दुसऱ्या बँडच्या पुढे आपला किसन क्लार्नेट वाजवत होता, पिवळा कोट घालून.

किसन म्हणजे मास्तरांचा साळा. लहानपणी आईबाप गेले म्हणून बहिणीकडे आला आणि तिथेच वाढला. क्लार्नेट त्याला मास्तरांनी हातात धरून शिकवलं. आमच्या बँडला जो काही गोडवा होता तो किसनचा होता, बाकीचा नुसता आवाज. घरी तो पुसदला पाहुण्यांकडे जातो म्हणून सांगून गेला होता.

रविवारी दुपारी ओट्यावर बैठक बसली. किसन परत आला होता, खाली मान घालून बसला होता. मी उभा राहिलो आणि ज्याने शब्द मोडला त्याला बँडमधून काढा म्हणालो. कागदही तयार होता. तुळशीरामकाका म्हणाले, "दुसरा कोणी असता तर कवाच काढला असता. मास्तरचा साळा हाय म्हणून बसून राह्यलो आपण."

मास्तरांनी विचारलं, "किसन, काहून गेलता?"

"वाजवाले गेलतो," किसन म्हणाला. "देवासाठी नाही गेलो. दोन सालापासून नाल्यातल्या गोट्यायले वाजवून दाखवून राह्यलो मी. मले समोर माणसं पाह्यजेत."

"पण शब्द देला होता ना बे," नामदेव म्हणाला.

"कोणं देला?" किसनने पहिल्यांदा मान वर केली. "तुमच्या समद्यायच्या दारात मास्तर आले. तुह्या दारात आले, तुह्या बापाले येगळं इचारलं. मी त्यायच्याच ओसरीत झोपतो. मले कोणं इचारलं?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली. मास्तर किसनकडे वळले.

"खरं हाय," ते म्हणाले. "म्या त्याले इचारलं नाही. घरचाच हाय, तो हो म्हणीनच, असं धरून चाललो."

मग ते उठले, किसनला घेऊन समोरच्या निंबाखाली गेले. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. मास्तर थोडं बोलले, किसन पुष्कळ बोलला. एकदा त्याने डोळे पुसले. परत आल्यावर मास्तर म्हणाले, "किसन जाऊन राह्यला. ढाणकीच्या बँडमंदी. म्या इचारलं, त्यानं खरं खरं सांगतलं. क्लार्नेट त्याच्यासंग जाईन."

आता मात्र गलका झाला. क्लार्नेट बँडचं होतं. तुळशीरामकाका म्हणाले, "मास्तर, माणूस जाते थे जाऊ द्या. बाजा काहून? त्याच्याबिगर आपल्याजवळ राहाते काय?"

"तुमी समदे राहाता," मास्तर म्हणाले. "पण राहाचं का नाही, थे उद्या पहाटे नाल्यात समजीन. आज मी कोणाले धरत नाही."

माझ्या हातातला कागद त्यांनी मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, "लाव भिंतीले. शब्द मोडणं वाईटच हाय. पण त्यात मह्यंबी नाव घाल. मालकानं एका माणसाले इचारलं नाही, असं लिव." मी लिहिलं. वस्तीने ते वाचलं. मालकाने स्वतःची चूक भिंतीवर लावून घेतलेली वस्तीने पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम नाल्यावर गेलो. मास्तर एकटेच वाळूत उभे होते. मग तुळशीरामकाका आले, नामदेव आला. एकेक करत बाकीचे सगळे आले. क्लार्नेटशिवाय ते वाजवणं फार उघडंबोडकं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे कायम तसंच वाटत राहिलं.

बँड आणखी काही वर्षं तसाच चालला. मोठा कधी झाला नाही. वस्तीतली लग्नं, जयंती, कधी आजूबाजूच्या गावांतून बोलावणं. मास्तरांना दम्याने गाठलं. ढोलाचा आवाज पोटात लागतो म्हणायचे, तरी येत. गेल्या वर्षी ते गेले. अंत्ययात्रेत बँड वाजवायचा की नाही, हे आम्हाला कळेना. माणसं कोट घालून, वाद्यं काखेत धरून नुसती चालली.

नंतर बँडला मास्तर कोण, हा प्रश्न आला. तुळशीरामकाकांनीच किसनचं नाव काढलं. मला राग आला होता, पण मी त्यांच्याबरोबर ढाणकीला गेलो. किसन आता तिथल्या बँडचा मालक होता. डोक्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्याने आम्हाला चहा पाजला, काकांचं ऐकून घेतलं, आणि सरळ नाही म्हणाला.

"इथं माणसं हायेत माही," तो म्हणाला. "दरसाल हंगामाच्या पयले एकेकाच्या घरी जातो. देवाच्या मिरवणुकीत वाजवाचं का, येगळं येगळं इचारतो. दोघं जणं नाही म्हणतात. त्यायले त्या दिवशी सुट्टी देतो."

"अन् तू?" मी विचारलं.

"मी वाजवतो."

मला त्याच्याशी भांडायचं होतं. त्याचं वाजवणं मला आजही मान्य नाही. पण ज्याने मास्तरांना सोडलं तोच त्यांच्यासारखं दारोदार जाऊन विचारतो, आणि ज्यांनी सोडलं नाही ते आम्ही तिथे मालक मागायला बसलो होतो. यावर काय लिहावं ते मला सुचलं नाही. थकवा फार आला होता.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. उमरखेड मागे पडलं. मी म्हटलं, "काका, आता तुमालेच व्हा लागते मास्तर. नेरले उतरलं का बैठक घेऊ."

"बैठक नको," काका म्हणाले. "आधी घरी जाऊ दे. मी पुढं उभा राह्यलेलं चालते का, थे नामदेवले इचारतो."

"तो तुमचा पोरगाच ना. तो काय नाही म्हणीन?"

"म्हणून तर आधी त्याले," काका म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून डोकं खिडकीच्या दांडीला टेकवलं.