नावापुढे काय लावू?

पुलगावात बंडूजी सायरे यांना प्रकाशक म्हणणारी माणसं थोडीच होती. बाकी सगळ्यांसाठी ते पत्रिकावाले. त्यात चूकही नव्हती. वर्ध्याच्या एका छापखान्यात शिशाचे अक्षरखिळे जुळवून त्यांनी तरुणपण काढलं आणि १९७१ साली पुलगावच्या बाजारामागे एक जुनं ट्रेडल मशीन मांडलं. त्यावर मुख्यतः लग्नपत्रिकाच निघत. आषाढ लागला की लग्नं थांबत, मशीन रिकामं होई आणि बंडूजी प्रकाशक होत. दिवाळीपर्यंत एक पुस्तक, फार तर दोन. ‘धुरा प्रकाशन, पुलगाव.’

बायको सुमित्राबाई म्हणायच्या, “लोकं पावसाळ्यात पापड-कुरड्या जपतेत, आमच्या घरी पुस्तकाचे गठ्ठे.”

“पापड एका वर्षात संपते.”

“अन् तुमचे पुस्तकं दहा वर्षांत नाई. तेच तं म्हणून राह्यली मी.”

पत्रिकेच्या धंद्यात बंडूजींचा एक कटाक्ष होता. नाव मोकळं जाऊ द्यायचं नाही. कोणाला श्री., कोणाला सौ., नवरीला चि. सौ. कां., विधवेला गं. भा., गेलेल्याला कै. कारंज्याकडच्या एका लग्नात दुसऱ्या छापखान्यातून आलेल्या पत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नाव नुसतंच छापलं गेलं होतं. मामा अक्षता न टाकता मांडवातून उठून गेला. बंडूजींच्या छापखान्यातून असं कधी झालं नाही. याचा त्यांना पुस्तकांपेक्षा जास्त अभिमान होता.

एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यात केळझरचे कापडवाले वासुदेवराव बिलबुकं छापायला आले, ते काखेत शाळेच्या दोन वह्या घेऊन.

“बंडूजी, हे वाचून पाहा जरा. आमच्या गावची बाई आहे, जयवंता पोहाणे. बालवाडीत शिकवते.”

“कविता?”

“नाई बाप्पा. कापूस वेचणाऱ्या बायांच्या गोष्टी.”

बंडूजींनी त्या रात्री जेवण लांबवलं. कापसाच्या पहिल्या वेचणीला बाया शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, ती सीतादही. तिथून वही सुरू होत होती. पूजेला बसलेल्या बाया, त्यांच्या एकमेकींना मारलेल्या टोमण्यांसकट, पानावर येऊन बसल्या होत्या. तोवर धुरा प्रकाशनाने आरत्या, शेतीची माहिती आणि मास्तरांच्या कविता छापल्या होत्या. असं पुस्तक बंडूजी आठ वर्षं शोधत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वासुदेवरावांना निरोप धाडला, छापतो म्हणून.

मजकुराची प्रुफं वासुदेवरावांबरोबर केळझरला जात, तपासून परत येत. वेष्टनाचं प्रूफ मात्र गेलं नाही. वेष्टन म्हणजे प्रकाशकाचं काम, असं बंडूजी मानत. ते नावाशी येऊन थांबले.

“वासुदेवराव, बाईच्या घरी कोण कोण आहे?”

“सासरा आहे, नानाजी. धाकटा देर आहे, नत्थू. नवरा प्रभाकर बैलबाजारात जातो म्हणून निघालता, तो परत आलाच नाई. तेरा वर्षं झाली. जिता आहे का मेला, पत्ता नाई.”

बंडूजींनी मनात हिशेब केला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याचं क्रियाकर्म उरकायचं, ही रीत त्यांना ठाऊक होती. म्हणजे उरकलंच असणार. घरी त्यांनी सुमित्राबाईंना तसं सांगितलं.

“उरकलं असन म्हंजे? तिलेच विचारा न.”

“काय विचारू? बाई, तुमचं कुंकू आहे का पुसलं? परक्या बाईले असं विचारता येते का?”

“मंग मोकळं ठेवा.”

“मोकळं? मी?”

आणि पूर्ण आदराने, चांगल्यातले ठसठशीत खिळे काढून, बंडूजींनी जुळवलं: ‘सीतादही. लेखिका: गं. भा. जयवंताबाई पोहाणे.’

दसऱ्याच्या आठवडाभर आधी पुस्तकाचा एक गठ्ठा घेऊन ते एसटीने केळझरला उतरले. नानाजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी पाहुण्याला पाणी दिलं, चहा सांगितला, पुस्तक हातात घेतलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. नावाशी त्यांचं बोट थांबलं.

“बंडूजी.”

“जी.”

“माह्या पोराची माती कवा केली तुमी? मले बलावलं नाई.”

बंडूजींनी हातातली बशी खाली ठेवली. आतून नत्थू आला. त्यानेही वाचलं.

“बाबूजी, आता छापूनच आलं. मी सालभरापासून म्हणून राह्यलो, करून टाका काय ते. तुमीच आयकत नाई.”

“तू चूप बस. तुले त्याच्या नावच्या शेताचा फेरफार पायजे.”

“शेत कोण कसते? मीच कसतो न?”

बोलणं ऐकून जयवंताबाई बाहेर आल्या. बंडूजींनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, गळ्यात काळी पोत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बंडूजींनी मान खाली घातली.

पुस्तक घेऊन जयवंताबाईंनी आधी मागून पुढून चाळलं, एक पान वाचलं आणि मग वेष्टन पाहिलं.

“किती छापले?”

“पाचशे.”

“बाजारात गेले का?”

“नाई ताई. पहिला गठ्ठा इथंच आणला.”

“हे असं गेलं, तं उद्या सकाळी विहिरीवरच्या बाया मले हे पुसाले लावतीन.” त्यांनी कपाळाला बोट लावलं. “म्हणतीन, तूच छापून आणलं. इतकी वर्षं मी कोणाचं आयकलं नाई, भाऊ. अन् आता माह्याच पुस्तकाचं आयकू?”

“चूक माही आहे. सौ. लावतो, नवीन वेष्टन करतो.”

“सौ. लावसान तं हासतीन. नवरा दाखव म्हणतीन.”

“मंग श्रीमती?”

“श्रीमती म्हंजे तेच,” नत्थू म्हणाला. “शाळेच्या चपराशिणीले लावतेत. तिचा मालक मागच्या साली मेला.”

नानाजी ओरडले, “तुले कोणं विचारलं बे?”

“काही लावूच नका,” जयवंताबाई म्हणाल्या.

बंडूजींना तो मांडवातून उठून गेलेला मामा आठवला. “ताई, एवढ्या चांगल्या पुस्तकावर मोकळं नाव? लोक म्हणतीन, प्रेसवाल्यानं बाईचा मान ठेवला नाई.”

“म्हणू द्या. तुमाले म्हणतीन न? मले तं नाई म्हणणार.”

नानाजींनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “पोराचं नाव मधात राहू द्या. जयवंता प्रभाकर पोहाणे. तेवढं तं तिचंच आहे.”

वेष्टनं चिकटवून झाली होती. ती सोलून काढायची, तर खळ ओली करावी लागणार, आणि पाणी जास्त झालं की आतलं पान फुगणार. सुमित्राबाईंनी युक्ती काढली. चुलीवर पातेलं ठेवून त्याच्या वाफेवर पुस्तकाची पाठ धरायची आणि वेष्टन अलगद ओढायचं. जयवंताबाई दोन दिवस बालवाडीला सुटी टाकून पुलगावला आल्या. बायका वाफेशी बसल्या, बंडूजी मशीनशी.

“आमच्या मालकाले मी तवाच सांगतलं होतं, विचारा म्हणून,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“मंग?”

“लाजले.”

“लाजले! अन् मले पांढरं कपाळ करून बाजारात नेऊन राह्यले होते.”

दोघी इतक्या हसल्या की एका पुस्तकाचं वेष्टन पहिल्या पानासकट आलं. अशी तीसएक पुस्तकं वाया गेली. दसरा तोंडावर, रंगीत कागद संपलेला. छापखान्यात गठ्ठे बांधायचा खाकी कागद होता, त्यावरच नवीन वेष्टन निघालं. ‘जयवंता प्रभाकर पोहाणे.’ पुढे काही नाही. पुस्तक बाजारात मांडलं तेव्हा दोन शेतकऱ्यांनी ते सरकारी समजून विचारलं, “यात बियाण्याचं काही आहे का?” पण ते खपलं. बालवाडीच्या आणि शाळेच्या बायांनी नेलं, त्यांच्याकडून गावोगाव गेलं. दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती काढावी लागली. धुरा प्रकाशनाच्या आयुष्यात हे फक्त दोनदा घडलं.

त्यानंतर बंडूजी प्रत्येक लेखकाला पोस्टकार्ड टाकून विचारत, नावापुढे काय लावू? वर्ध्याच्या एका प्राध्यापकांनी उत्तरात अर्धं कार्ड भरून पदव्या कळवल्या. बंडूजींनी सगळ्या छापल्या. त्यांचं म्हणणं असं की लावा म्हटलं तर लावायचं, आपण ठरवायचं नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात नानाजी गेले. तेरवीच्या पत्रिकेचा मजकूर नत्थूने वासुदेवरावांच्या हाती पाठवला. खाली शोकाकुल म्हणून नावं होती: नत्थूचं, त्याच्या बायकोचं, पोरांचं, जयवंताबाईंचं. प्रभाकरचं नव्हतं. लग्नसराई ऐन भरात होती, मशीनला उसंत नव्हती. बंडूजींनी मशीन थांबवलं, कुलूप लावलं आणि वर्ध्याला गाडी बदलून केळझर गाठलं.

जयवंताबाई ओट्यावर आल्यागेल्याला पाणी देत होत्या. मांडवाखाली नत्थू चार पाहुण्यांत बसला होता. बंडूजींनी कागद काढला.

“ताई, एक विचारायचं होतं. आपल्या मनानं छापायची हिंमत नाई मले.”

“विचारा.”

“प्रभाकरजींचं नाव.”

नत्थूने मान वर केली. जयवंताबाईंनी कागद घेतला, नावं वाचली.

“नानाजीले पोरं किती होते, भाऊ?”

“दोन.”

“मंग दोघांचंही टाका. मोठ्याचं वरतं.”

बंडूजींनी खिशातून पेन्सिल काढली. नत्थूच्या नावाच्या वर जागा केली, आणि पेन्सिल कागदाला टेकवून ते थांबले.

“पुढं काय लावू?”

“श्री. लावा,” जयवंताबाई म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या पाहुण्याकडे गेल्या.