इंजिनाला बीपी हाय

आमच्या गॅरेजात ग्रीसपेक्षा किस्से जास्त साचत्यात. ग्रीस निदान रॉकेलनं निघतं. किस्से आधी चहाच्या टपरीवर जात्यात, तिथनं कंपनीच्या बसमधी, आन शेवटी माझीच बायको मला घरी सांगती, तेबी वाढवून. म्हनून म्हटलं, आपनच सांगून मोकळं व्हावं.

माझं गॅरेज कुरुळीत. पयलं ट्रॅक्टर करायचो. नववीत शाळा सोडली, मास्तरांनी लई आग्रह केला म्हनून. मग देसाईसाहेब भेटले. चाकनच्या एका कंपनीत इंजिनियर, सुट्टीला लॅपटॉप घेऊन माझ्याकडं. ते म्हनले, आपन गाड्यांना सुपरचार्जर बसवू. म्हंजी पट्ट्यावर फिरनारा पंखा, इंजिनात हवा कोंबतो. हवा वाढली की ताकद वाढती. पन त्या मापात पेट्रोलचं प्रेशर बी वाढलं पायजे, न्हाईतर इंजिन जळतं.

साहेबांनी मला हवा-पेट्रोलचं माप तासभर शिकवलं. चौदा पॉइंट सात, अमकं, तमकं. माझं डोकं तापलं. म्हटलं, "साहेब, सरळ सांगा की. फवारनीचा पंप हाय ह्यो. औषधाला पानी किती, तसं पेट्रोलला हवा किती."

साहेब म्हनले, "कॉलेजात कुणी असं सांगितलं असतं, तर माझं एक वर्ष वाचलं असतं."

तवापासनं आमचा नियम सोपा. एक्सलेटर फुल दाबल्यावर आकड्याच्या मीटरवर साडेअकरा-बारा, म्हंजी एका भाग पेट्रोलला तेवढी हवा, तर मिश्रन ओलं, इंजिन खुश. चौदाकडं गेलं, तर कोरडं. कोरडं म्हंजी मेलं.

*

पयलं गिऱ्हाईक कासारवाडीचा संतोषशेठ. गाडी जुनी, हौस नवी. चार्जर बसवला आन पंधरा दिवसांत गाडी दोरीला बांधून आली. इंजिन खोललं, तर पिस्टनला ह्ये भोक. शेठ त्यात बोट घालून बघतोय.

म्हनला, "भाऊ, याला वेल्डिंग लागंल का?"

"लागंल," म्हटलं. "बोट आतच ठेव, त्यासकट मारतो."

*

त्याच रागात टपरीवर पंचवीस-तीस मानसांत बोलून बसलो, की शेठच्या गाडीत आता दुसरं इंजिन बसवतोय, ते बी गेलं, तर गॅरेजचा बोर्ड काढतो आन परत ट्रॅक्टर करतो. रागात मानूस बोलतो राव. पन गाव ध्यानात ठेवतं. सकाळी कंपनीला जानारे बोर्ड हाय का गेला ते बघून जायला लागले.

मेव्हना तर टेप घेऊन आला. बोर्डाचं माप घेतलं. गोठ्याला पत्रा पायजे होता त्याला.

*

दुसरं इंजिन बसवलं. तर चार्जर हवाच दाबंना, नुसता कुत्र्यावानी केकाटतोय. बॉनेट उघडलं. संतोषशेठची आई, आक्का, तिनं लिंबू-मिरची इंजिनातच बांधलेली. नजर आतल्या मालाला लागली, मग बाहेर बांधून काय उपेग, असं तिचं म्हननं. लिंबू पट्ट्यात चिरडलेलं, रसानं पट्टा जागच्या जागी घसरतोय.

मी शेठला आईसमोर झाडला. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आन विचारलं, "इंजिन जळालं का?"

"न्हाई."

"मग लिंबानं काम केलं."

*

प्रेशरचा काटा चालवताना दिसावा म्हनून मीटर बाहेरनं पुढच्या काचेला टेपनं चिकटवायचा. मोशीजवळ हवालदारानं थांबवलं. ह्ये काय म्हनून विचारलं. साहेब इंग्रजीत सुरू झाले, तसा हवालदार तापला. मी काच खाली घेतली. "दादा, इंजिनाला बीपी हाय. सारखं बघावं लागतं."

त्यानं काट्याकडं बघितलं, खिशातली गोळ्यांची पट्टी काढून दाखवली आन म्हनला, "जावा. मीठ कमी करा त्याचं."

*

तर बीपी खरंच होतं. चार दिवस प्रेशर बरं, पाचव्या दिवशी फुल दाबलं की काटा खाली. फिल्टर बदलला. रेग्युलेटर बदलला. पेट्रोलपंपावर भांडलो. मग टाकीतला पेट्रोल चढवनारा नवा पंप काढला आन ज्याच्याकडनं घेतला त्या पिंपरीच्या दुकानदाराच्या काउंटरवर आपटला. त्यानं शांतपनी पंप पेट्रोलच्या बादलीत सोडला, बॅटरीला जोडला आन नळी माझ्याकडं केली. छातीपासनं पायापर्यंत भिजलो. पंप एक नंबर होता.

बसनं परत आलो. कंडक्टरनं तिकीट नंतर दिलं, आधी म्हनला, "काडीपेटी असंल तर इकडं द्या."

*

शेवटी एका रविवारी चाकनच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. कंपन्या बंद. मी चालवतोय, साहेब शेजारी. शेठ आन आक्का झाडाखाली उभे, इथनं त्यांना आळंदीला जायचं होतं. तीन फेऱ्या मारल्या, तिन्ही वेळा साडेअकरा. मग ऊन लागतंय म्हनून आक्का मागच्या शीटवर येऊन बसली. चौथी फेरी. काटा खाली, आकडा तेरा, साडेतेरा. मी पाय काढला.

आक्का पानी प्यायला उतरली. साडेअकरा. आक्का बसली. साडेतेरा.

साहेबांनी लॅपटॉप बघितला, आरशात आक्का बघितली, परत लॅपटॉप बघितला. शिकलेला मानूस, बोलनार कसा? आन मी, ज्यानं आजवर कुनाला सोडलं न्हाई, माझी बी जीभ उचलंना.

"मूग गिळल्यात का दोघांनी?" आक्का म्हनली.

तिला उतरवून शीट काढलं. त्याच्याखालीच टाकीतला पंप. पंपाची जाड तार शीटच्या लोखंडाखाली चेपून चपटी, निम्म्या तारा तुटलेल्या. वर वजन आलं की पंपाला करंट कमी, प्रेशर कमी. पयलं इंजिन गेलं त्या दिवशी बी आक्का मागंच बसलेली.

"तार कुनी टाकली?" आक्कानं विचारलं.

फिल्टरवाल्याला शिव्या देऊन झाल्या होत्या, पेट्रोलवाल्याला झाल्या होत्या, शेठला तर रोजच. आता कुनी उरलं नव्हतं.

"मी."

"म्हंजी पयलं इंजिन तूच जाळलंस."

"व्हय आक्का."

शेठनं तोंड उघडलं, तिनं हातानंच त्याला गप केलं. "बोर्डाचं मागनं बघू. आधी तार नीट टाक."

नवी तार टाकली, पाइपात घालून, कडंकडंनं. मग आक्कानं जागा वाटल्या. साहेब चालवनार. ती पुढं, आकड्याचा मीटर हातात घेऊन; साडेअकरा ओलं, चौदा कोरडं, येवढं साहेबांनी तिला सांगितलं. मी आन शेठ मागं, तारेवर. आमचं दोघांचं मिळून वजन तिच्यापेक्षा जास्त भरतं का, ते तिनं आधी विचारून घेतलं.

साहेबांनी पाय तळाला नेला. चार्जर किंचाळला. मागनं मला मीटर दिसंना, नुसती आक्काची मान दिसत होती.

"आक्का, किती?" साहेब ओरडले.

आक्कानं मीटर बघितला. मग वळून माझ्याकडं बघितलं.

"इंजिन साडेअकरा," ती म्हनली. "पन ह्याचं तोंड चौदाला गेलंय."