मांडवासाठी केळीचे दोन खुंट

सिंधू,

गाव म्हणतं, तू वेडाच्या भरात अमरनाथवर कोयता चालवलास. गावाला म्हणायला काय जातंय! मी बांधावरून पाहत होते, तू पूर्ण शुद्धीत होतीस. हे तू वाचणार नाहीस, चार ओळींपुढे तुला कंटाळा येतो. म्हणून इथून पुढे लोकांसाठीच लिहिते आणि तुला 'ती' म्हणते. यात एक मॅडम येतील, त्या मीच.

सिंधू उमरीकडची. दिली अर्धापूरजवळच्या केळीच्या गावात, अमरनाथला. मूल झालं नाही आणि तेवढ्यावरून तिने मार खाल्ला. चपलेचा, ठिबकच्या नळीचा, एकदा भरल्या कळशीचा. कामाला मात्र ती सगळ्यांना हवी असायची. घड उतरवला की केळीचं झाड पाडायचं असतं, ते सिंधू एका घावात पाडायची. चीक उडून साडीवर वाळला की रक्ताच्या जुन्या डागासारखा दिसतो, आणि साडी फाटेपर्यंत निघत नाही.

पुढे अमरनाथने दुसरी करायचं ठरवलं. मनिषा, गरिबाघरची पोर. मांडवाच्या दाराला केळीचे खुंट बांधायचे, ते तोडायला पाठवलं सिंधूलाच.

"तुझ्यावाणी घाव कुणाला जमतोय," तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या सकाळी तिचा ओठ फुटलेला होता. शेजारच्या मळ्यात मॅडम उभ्या होत्या, जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून घरी बसलेल्या.

"मॅडम, मला हळदीला हात लावू देईनात. वांझेचा हात नगं म्हणं. अन् केळ बरी चालती मांडवाला?"

"केळच वांझ आहे, बये."

"कायबी बोलता."

मॅडमनी एक पिकलं केळं उभं चिरलं आणि मधले बारीक काळे ठिपके दाखवले. "ह्या बिया. व्हायच्या आधीच मेलेल्या."

मग खताच्या गोणीवर बसून त्यांनी सांगितलं. पेशीत दोऱ्यांसारखी गुणसूत्रं असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं, अशा जोड्या. बीज घडायची वेळ आली की प्रत्येक जण आपला जोडीदार हुडकतो, अंगाला अंग लावून पडतो, एकमेकांचे तुकडे अदलाबदल होतात. मग दोघांना ओढून वेगळं केलं जातं, एक ह्या टोकाला, एक त्या. निम्मी वाटणी चोख झाली तरच बीज जगतं. आपल्या ह्या केळीत मात्र प्रत्येक जोडीच्या जागी तीन असतात. दोन चिकटतात, तिसरं लोंबकळतं, नाहीतर तिघांचा गुंता होतो. ओढाओढीत कुणाच्या वाट्याला काय येईल त्याचा नेम नाही. बीज तिथंच मरतं.

सिंधू हसली. ओठातून पुन्हा रक्त आलं तरी हसत राहिली.

"म्हंजी तिघं एका घरात आले की झालंच वाटोळं."

"तुझ्या नवऱ्याला कुणी तपासलंय का?"

"त्याला? त्याला तपासणारा अजून जन्मायचा हाय."

तिने दोन खुंट पाडले, खांद्यावर टाकले आणि गेली. लग्न झालं.

मनिषालाही दिवस गेले नाहीत. एका दुपारी अमरनाथने तिला केसाला धरून केळीत ओढत आणलं. "दुसरीबी वांझच निघाली," म्हणत नळीने झोडपू लागला. मनिषा पालापाचोळ्यात पडली होती, दोन्ही हात डोक्यावर. नळीचे सपकारे बांधापर्यंत ऐकू येत होते. चार ओळी पलीकडे सिंधू झाडं पाडत होती. ती आली, पण घाईने नाही.

"सोड तिला."

"बाजूला व्हय, न्हाईतर तुझाबी नंबर हाय."

"माझा लई वर्षं झाला. आता तुझा."

नळी पुन्हा वर गेली. सिंधूने कोयता उलटा केला आणि बोथट बाजू त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडलेलं ऐकू आलं. तो गुडघ्यावर आला, तसा दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्याला तिने कोयता सरळ केला, धार त्याच्या कानाजवळून नेली आणि मागच्या झाडात घातली. झाड घडासकट त्याच्या पाठीवर आडवं झालं. तो ओरडत होता. तिने मनिषाला उठवलं, तिच्या तोंडावरचा चिखल पदराने पुसला आणि दोघी रस्त्याला लागल्या.

अमरनाथ पोलिसांत गेला नाही. आधी दोन बायका कशा, हे सांगावं लागलं असतं.

आता दोघी लातुरात डाळमिलला जातात, एका खोलीत राहतात. मॅडम भेटायला गेल्या तेव्हा म्हणाल्या, "चल, इथल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. तुझ्यात खरंच काही दोष होता का, एकदा कळू तरी दे."

"जाऊ की, येत्या सोमवारी."

सोमवारी मिल चालू होती. पुढच्या खेपेला ज्वारी निवडायची होती. तिसऱ्यांदा मनिषाच म्हणाली, "आक्का, जा की गं, मॅडम एवढ्या लांबून येऊन राहिल्या."

"कुणाला दाखवायचंय आता?" असं म्हणून सिंधूने मॅडमच्या ताटात अजून एक भाकर टाकली. डॉक्टरीणबाईंकडे जायचं ते राहिलंच.