शिवकांताच्या हातचा घास

जळकोटात बातमी एसटीच्या आधी पोचते. शिवकांताच्या पोटातल्या गाठीची तेवढी पोचली नाही. गल्लीला दिसलं ते एवढंच, की अकरा वर्षं लेकीला घास भरवणारी ही बाई एकाएकी सावत्र आईसारखी वागायला लागली.

मंजुश्री जन्मली तेव्हा उशिरा रडली होती. हात ताठ, मुठी आवळलेल्या, बोलणं दोन-चार शब्दांचं. आणि घर लिंगायताचं. ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. शीत सांडायचं नाही, शेवटी ताट धुऊन ते पाणीही प्यायचं. म्हणून शिवकांतानं पोरीला कधी ताटाला हातच लावू दिला नव्हता. "येवढी पोर अशी, पण एक शीत सांडत न्हाई!" असं कुणी म्हटलं की बाई पुरीसारखी टम्म फुगायची.

गाठ कळली आणि फुगा फुटला. नवरा आधीच गेलेला. आता तिच्यामागं पोर जाणार जावेकडं. जाव वाईट नव्हती. पण रोज दोन्ही वेळा समोर बसून भरवायला ती थोडीच आई लागून गेली होती?

शिवकांता पोरीला घेऊन लातूरला गेली, मुलांना रोजची कामं हातानं करायला शिकवणाऱ्या थेरपीच्या केंद्रात. तिथली ऋतुजा मॅडम वयानं लहान, जिभेनं फटकळ.

"हिनं आपल्या हातानं किती घास खाल्लेत?"

"एकबी न्हाई," शिवकांता अभिमानानं म्हणाली. मॅडमनं कपाळाला हात लावला.

"सांडू द्या, ताई. सांडल्याशिवाय हात शिकत नाही."

चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळायची, म्हणजे मुठीत बसतो. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. आधी पोरीच्या हातावर आईचा हात, मग नुसता मनगटाला, मग कोपराला. मग काढूनच घ्यायचा.

"किती दिवस लागतील?"

"घाई आहे का?"

"हाव," शिवकांता म्हणाली.

घरी वरणभात भिंतीपर्यंत उडाला. शेजारची उमाबाई दारातूनच ओरडली, "शिवकांते, प्रसाद मातीत घालायलीस! आई हायस का कोण?"

"तुमच्या लुगड्यावर तर न्हाई ना उडाला? मग जावा घरी."

उमाबाईनं ते सात घरी सांगितलं, आठव्या घरी तिखटमीठ लावून. पोरीचं खाणं झालं की शिवकांता सांडलेलं शीत न् शीत वेचून खायची, हे मात्र कुणी सांगितलं नाही. बघितलंच नव्हतं.

श्रावणात हात मनगटावर आला, दसऱ्याला कोपरावर. दिवाळीत सुटला.

संक्रांतीला शिवकांताला अंथरुणातून उठवेना. आता गल्लीला सगळं कळलं होतं. उमाबाई खाली मान घालून गव्हाची खिरीसारखी हुग्गी वाटीत ठेवून गेली. मंजुश्री खाटेशेजारी बसून चमच्यानं खात होती. शिवकांतानं हात लांबवून वाटीतला एक घास उचलला.

"मंजे, ये. येवढा एकच. माज्या हातचा."

पोरीनं ओठ घट्ट मिटले. ताठ मनगटानं आईचा हात बाजूला सारला.

"मी."

चमचा डुगडुगत वर गेला. अर्धी हुग्गी गोधडीवर सांडली, अर्धी तोंडात गेली. मग पोर रोजच्यासारखी आईकडं बघत थांबली.

"शाब्बास," शिवकांता म्हणाली.

हातातला घास तिनं आपल्याच तोंडात घातला. प्रसाद तो, टाकायचा कसा? मग गोधडीवर सांडलेलं वेचायला लागली.