पट्टा काढलेली मोटर

बुऱ्हाणपुरात मोटर जळली की लोक राजपुऱ्यात दिगंबरकडे यायचे. जळकी तार काढून नवी भरणं, म्हणजे वाइंडिंग, हा त्याचा धंदा, आणि तोरा तर विचारू नका. मोतीलालशेठच्या कारखान्यात, जिथे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात, तिथे तो गेला की ऑफिसातली खुर्ची बाहेर यायची आणि चहा कपबशीत.

मग प्रभाकर आला, इंदूरहून इन्व्हर्टरचं काम शिकून. भिंतीवर लोखंडी पेटी टांगायची, मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करायचा. बघता बघता खुर्ची प्रभाकरची झाली. दिगंबरला चहा काचेच्या ग्लासात, तोही उभ्याने. घरी बायको, कुसुम, "हुशार आहे म्हणे तो," एवढंच म्हणाली, तर गडी जेवलाच नाही.

एकदा मोठ्या मशीनला पेटी जोडली आणि हळू वेगाला मोटर गचके देऊ लागली. सूत तटातट तुटलं. बाजूला उभ्या दिगंबरला कोण आनंद!

"पेटीला अजून मोटरची ओळख नाही," प्रभाकर खुर्चीतूनच म्हणाला. "वाइंडिंगचा रेझिस्टन्स किती, रिकामी फिरताना करंट किती खाते, ते पेटी खुद मोजून घेईल. काका, जरा पट्टा काढता का?"

दिगंबरने पट्टा काढला. होऊ दे आता फजिती, असं मनात म्हणत. मोटर जागच्या जागी गुणगुणू लागली, आणि त्याच्या एकदम लक्षात आलं: ही तर आपणच भरलेली! माप बिघडलं तर नाव आपलंच जाणार. ज्या पेटीला शिव्या घातल्या, तिच्यासाठी तो देव आठवू लागला. मोटर सुसाट फिरली, थांबली. पट्टा चढवला. आता हळू वेगालाही गचका नाही, सूत तुटेना.

"शेठजी, वाइंडिंग एक नंबर आहे," प्रभाकर म्हणाला. "तिन्ही फेज एकदम बरोबर."

"कंपनीचीच असल ना, भाऊ," शेठ म्हणाले.

दिगंबरचा भडका उडाला. "कायची कंपनी, शेठ? मी भरेल आहे ती! ह्या हातानं!"

प्रभाकर चटकन उठला. "बसा ना, काका."

ज्या खुर्चीसाठी इतके दिवस जीव जळला, ती अखेर पुढे आली. पण दिली कोणी, तर प्रभाकरने. दिगंबर आणखीच जळला. तरी बसला, आणि ओरडला, "शेठ, चहा सांगा! कपबशीत!"